मंगळवारची खिचडी

छायाचा फोन वाजला तेव्हा तिची गाडी दुबईतल्या अल कुसैसच्या पुढे, शारजाच्या नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती.

"मॅडम, आजची टेस्ट कॅन्सल करा," पलीकडून सिद्धार्थ म्हणाला. "बाबा घरातून गायब झालेत."

"मी पोहोचतेच आहे. मिळून शोधू."

छाया विमा कंपनीची तपासनीस. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळला, तर घरी सेवेला माणूस ठेवायचा खर्च देणारी पॉलिसी वडिलांसाठी घ्यावी की नाही, यावर सिद्धार्थच्या घरात दोन महिने खल चालला होता. त्याआधी भानुदासरावांची स्मरणशक्ती तपासायची होती. नापास झाले तर पॉलिसी नाही, आणि पॉलिसी नाही तर पुण्याजवळचा वृद्धाश्रम. तिथली खोलीसुद्धा सिद्धार्थने बघून ठेवली होती. मुलगा मोठा दूरदर्शी.

भानुदासराव शारजातल्याच रोल्ला भागात सापडले. त्यांचा मित्र चारुदत्त फरसाणाचं दुकान चालवायचा. दर गुरुवारी सकाळी दुकान नोकरांवर सोडून तो घरी दत्ताची आरती करी. त्याच्या कुलूप लावलेल्या दाराबाहेर, जिन्यात, म्हातारा मांडीवर नारळ घेऊन बसला होता.

"बाबा, आज मंगळवार आहे," सिद्धार्थ म्हणाला.

"गुरुवार आहे," भानुदासराव म्हणाले, आणि सगळ्यांचे चेहरे बघून घाबरले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

घरी आल्यावर छायाने टेस्ट उरकून घेतली. सांगितलेले शब्द त्यांनी उलटे म्हणून दाखवले, घड्याळाचं चित्र नीट काढलं, नातीची जन्मतारीख सांगितली.

"आज वार कोणता?"

"गुरुवार," ते हळूच म्हणाले.

"खलास," सून पर्णिका म्हणाली. "मी आधीपासून सांगत होते, हप्ते भरण्यात काही सेन्स नाही. पॉलिसी असो नसो, शेवटी सगळं सुनेच्याच गळ्यात येतं."

छायाला मात्र चुटपुट लागली. ज्याचं डोकं इतकं साफ चालतं, तो नेमका वारावर का अडखळावा?

"काका, गुरुवार कशावरून म्हणता?"

"सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. आमच्याकडे ती गुरुवारच्या उपासालाच होते."

"मोबाइलवर वार नाही बघितला?"

"तो मोठ्या अक्षरांचा होता, पण हिनं, माझ्या बायकोनं, गेल्या आठवड्यात दुरुस्तीला दिला. अन् टीव्हीवरचं, पेपरातलं बारीक अक्षर मला दिसत नाही. काचबिंदू आहे."

"मधले दोन दिवस कुठे गेले, असं वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण ईदची सुट्टी होती. ना कुणाचा डबा, ना शाळा, रोज रविवारच. म्हटलं, माझंच चुकत असेल. हिच्या स्वयंपाकाचा वार आजवर कधी चुकलेला नाही."

छाया पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. भानुदासरावांच्या पत्नी, कमलिनीबाई, ओटा पुसत होत्या.

"काकू, सकाळी खिचडी केली होती?"

"छे. पोहे केले होते."

"नो, आजी," दारातून नऊ वर्षांची उर्वी म्हणाली. "इट वॉज खिचडी. आय हॅड इट टू."

कमलिनीबाईंचा हात थांबला. "असेल बाई. माझंही आता वय झालं. वार चुकला असेल माझाच."

"बघा, मिस्टेक आईची झाली," बाहेरून सिद्धार्थ म्हणाला. "दोघंही थकलेत, मॅडम. यल्ला, चला, रिजेक्ट करून टाका."

छाया कमलिनीबाईंना घेऊन बाहेर आली. तिची नजर टेबलावरच्या सिद्धार्थच्या डब्यावर गेली. बाबा गायब झाल्याच्या निरोपावर तो ऑफिसातून तसाच धावत आला होता.

"डब्यात काय आहे?"

"सुरमईचं कालवण. कालचं उरलेलं. आईनंच भरून दिलं सकाळी."

"पर्णिका, गुरुवारी मासा चालतो या घरात?"

"गुरुवारी?" पर्णिका हसली. "बुधवारी रात्रीच फ्रिज रिकामा करायला लावतात आई. अंडंसुद्धा ठेवू देत नाहीत."

मग तीही हसायची थांबली.

छायाने खुर्ची ओढली. "काकूंचा वार चुकला असता, तर त्यांनी माशाला हात लावला नसता. एकाच सकाळी, एकाच ओट्यावर त्यांनी मुलाला मंगळवारचा डबा दिला आणि नवऱ्याला गुरुवारची खिचडी. साबुदाणा रात्रीच भिजत घालावा लागतो, म्हणजे हे काल रात्रीच ठरलं होतं. फोन त्याच्याही आधी काढून घेतला. सुट्टीत दोन दिवस गाळले. मी आज येणार हे माहीत होतंच. काकांचं डोकं बिघडलेलं नाही, काकू. तुम्ही ते बिघडवत होतात."

भानुदासराव बायकोकडे बघत राहिले.

"का गं?"

कमलिनीबाईंनी फडकं घडी करून ठेवलं. आवाजात ना राग होता ना रडू.

"माझी आई मिरजेला अंथरुणावर होती. चार दिवस जाऊन येते म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, माझ्या जेवणाचं काय? ती गेली तेव्हा मी तुमच्या डब्याची भेंडी चिरत होते. आणि आता या पॉलिसीवर तुम्ही घरीच राहणार. माणूस येईल आठ तास, बाकी रात्रंदिवस मीच. तुम्ही आश्रमात गेला असतात, तर मी सुटले असते."

उर्वीला पर्णिकाने खोलीत नेलं. सिद्धार्थने आईला एक शब्द विचारला नाही. त्याचा चेहरा पडला होता, आणि तो आईच्या दुःखाने पडला होता असं म्हणायला छाया तयार नव्हती.

"काका पास आहेत," ती म्हणाली. "पॉलिसी मिळेल. फक्त घरी मुख्य काळजी घेणारी व्यक्ती कोण, ते एक नाव हवंय."

"आईच. अजून कोण?" सिद्धार्थ म्हणाला.

छाया थांबली. हे नाव लिहायला तिचा हात धजेना. "काका, तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा. दुसरी काही व्यवस्था बघता येईल."

भानुदासरावांच्या चेहऱ्यावर आता भीतीचा मागमूस नव्हता. आपलं डोकं शाबूत आहे हे कळल्यावर ते पुन्हा पूर्वीसारखे ताठ बसले होते.

"तिचंच लिहा," ते म्हणाले. मांडीवरचा नारळ उचलून त्यांनी बायकोपुढे धरला. "हा आत ठेव. परवा गुरुवार आहे. साबुदाणा उद्या रात्री भिजत घाल."

कमलिनीबाईंनी नारळ घेतला आणि त्या आत गेल्या.