तिसऱ्यांदा हनुवटी टेका

पहिल्या दिवशी खुर्चीत भलताच माणूस येऊन बसला. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तिच्या अंधाऱ्या तपासणीच्या खोलीत तिने मान वर न करताच नेहमीचं म्हटलं, "हनुवटी टेका, हिरव्या ठिपक्याकडे बघा," आणि डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. कागदावर वय एकाहत्तर, आणि पडदा असा नितळ!

"आजोबा, तुमचा पडदा तर तिशीतला वाटतो हो."

"एकतिशीतला," खुर्चीतून आवाज आला. "आजोबा मागे उभे आहेत. तुम्ही बसा म्हणालात... मी बसलो."

मागे उभे असलेले म्हातारे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले घड्याळजी, पोट धरून हसले. तीही हसली. किती दिवसांनी, कोण जाणे!

मग दर महिन्याला बापलेक येऊ लागले. आधी तिच्याकडे फोटो, मग डॉक्टरांकडे डोळ्यात इंजेक्शन. मुलगा बोटीवर इंजिन सांभाळायचा. वडिलांपायी रजा वाढवत राहिला होता.

"बाबांना नेमकं झालंय काय? मला कळेल असं सांगा," एकदा त्याने विचारलं.

"वयामुळे पडद्यामागे कचरा साठतो. तो उचलायला शरीर आपलेच पहारेकरी पाठवतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी. काहींच्या डोळ्यात ते नको इतके चेकाळतात. मग सूज येते, नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाणी झिरपतं..."

"म्हणजे राखणदारच घर पोखरतात?"

"हेतू चांगला असतो हो."

"आणि तुमचे पहारेकरी?" त्याने डोळे मिचकावले.

"फार कडक. आत कुणाला सोडतच नाहीत."

थट्टेत बोलून गेली खरी. पण संध्याकाळी घरी एका कपाचा चहा टाकताना तेच वाक्य तिला टोचत राहिलं. महिन्यातला तो एक दिवस तिचा, बाकीचे नुसते ढकलायचे.

सहाव्या महिन्यात तो दारातच म्हणाला, "आज पडदा कोरडा निघाला, तर परवा बोट गाठायची."

फोटो उमटला. कोरडा! पाण्याचा टिपूस नाही.

"आजोबा, जरा हललात. पुन्हा घेऊ."

म्हातारे तसूभरही हलले नव्हते. दुसरा फोटोही कोरडाच.

"एकदाच... तिसऱ्यांदा हनुवटी टेका."

मुलगा पांढराफटक पडला. "काही वाईट आहे का? खरं सांगा."

त्याचा चेहरा बघून तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"वाईट काही नाही. डॉक्टर सांगतीलच, पण पडदा पहिल्याच फोटोत कोरडा होता. मी... मी पाणी शोधत होते. तुम्ही जाऊ नये म्हणून."



"आत येताना मीही मनात तेच मागितलं," तो हळूच म्हणाला. "आणि माझे तर सख्खे वडील आहेत."

"अरे, दोघं मिळून माझ्या डोळ्याच्या मुळावर उठलात की!" हनुवटी न उचलताच घड्याळजी ओरडले.

तिघंही हसले. तरी बोट परवाचीच होती, आणि परतायला सात महिने. वडिलांचा हात धरून निघताना तो थबकला.

"नंबर द्याल? दवाखान्याचा नको... तुमचा."

तिने तोंड उघडलं आणि अडखळली. मग पर्समधून फोन काढून स्वतःचाच नंबर शोधू लागली. इतक्या वर्षांत तो कुणी मागितलाच नव्हता.