लाल चिमटा

दुपारी जेवून जरा आडवा होणार, तोच नर्सबाईचा फोन आला.

"गोगलकाका, गाडी सुरू होत नाहीये हो. डोंगरावर एकीला कळा सुरू झाल्यात. पहिलटकरीण आहे, वेळ पडली तर तिला घेऊन खाली दवाखान्यात यावं लागेल. लवकर या."

नर्सबाई म्हणजे माझ्या उस्तादांची मुलगी. उस्तादांच्या हाताखाली मी बावीस वर्षं काढली. माझं संथ काम बघून ते मला गोगलगाय म्हणायचे. पोरीने त्याचं गोगलकाका केलं. उस्तादांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचं घर रस्ता संपतो तिथे एकटंच, पोर अजून तिथेच राहते, आणि घरामागे त्यांची शेड. ते गेल्यापासून मी त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

स्कूटर काढली. वाटेत धुकं उतरलं ते असं, की भर दुपारी दिवा लावावा लागला.

गाडी शेडमध्येच उभी होती. आत थंड लोखंडाचा वास, आणि रॉकेलने धुतलेल्या हातांचा. चार वर्षांत तो वास जायला हवा होता, असं आपलं मनात आलं, इतकंच.

मला लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण तपासणीच्या मशीनवरचे आकडे ओळखतो. मशीनने कॅमशाफ्टच्या सेन्सरचं नाव सांगितलं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा. त्याचा दात समोरून गेला की सेन्सरला ते कळतं, आणि इंजिनाला आपण कुठवर फिरलो ते समजतं. मौज अशी की सेन्सर दाताला शिवत नाही. मध्ये केसाएवढी फट असते. न शिवता त्याला कळतं, कोण समोरून गेलं ते.

सेन्सरच्या तारेचा प्लग काढून आतलं तेल पुसलं. तारा कुठे घासल्या नव्हत्या. बोल्ट सैल केला, सेन्सर हलवत हलवत बाहेर घेतला.

उस्तादांचा एक नियम होता. काढलेला पार्ट तपासल्याशिवाय मेला म्हणायचं नाही. सेन्सरला छोटी बॅटरी आणि दिवा जोडायचा, तोंडापुढून लोखंड न्यायचं. दिवा लुकलुकला तर पार्ट जिवंत. आम्ही त्यासाठी स्क्रूड्रायव्हर घ्यायचो. उस्ताद बोटातली अंगठी न्यायचे. बेअरिंगच्या पोलादाची, लेथवर स्वतः कातलेली. दोनदा पटपट न्यायचे, मग दम खाऊन एकदा. ती अंगठी पुढे बोटात रुतली ती निघालीच नाही. अंगठीसकटच गेले ते.

"काका, आटपा ना!" नर्सबाई दारात पिशवी घेऊन उभी.

मी जन्मात घाई केली नाही, ती त्या दिवशी केली. बाकावर बॅटरी ठेवली, चिमटे लावले, स्क्रूड्रायव्हर एकदाच फिरवला. दिवा लागला नाही.

"मेलाय," म्हटलं, आणि सगळं तसंच टाकून स्कूटरच्या डिकीतून आणलेल्या नव्या सेन्सरच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावलं. नवा बसवला, मशीनमधली तक्रार पुसली.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

"गोगलकाका, तुम्ही म्हणजे देवमाणूस!" ती हसत गाडीत बसली. "बाबा असते तर म्हणाले असते, गोगलगायीला पंख फुटले."

मी हसलो, आणि माझी नजर बाकाकडे गेली.

दिवा लुकलुकला. दोनदा पटपट... मग एकदा.

वाटलं, इंजिनाच्या हादऱ्याने असेल. पण गाडी बाकापासून चार पावलं लांब होती. सेन्सर निवांत पडलेला, समोर लोखंडाचा तुकडासुद्धा नाही. नुसती हवा, आणि दारातून आत आलेलं धुकं.

पुन्हा. दोनदा पटपट... मग एकदा.

भीती नाही वाटली मला. एखाद्या मोठ्या माणसासमोर आपण अचानक उभे राहतो ना, तसं झालं. अंग आपोआप सावरलं गेलं. आणि मग डोक्यात उजेड पडला. दिवा लागतोय म्हणजे हा पार्ट जिवंत आहे. मग चूक दुसरीकडेच. उस्ताद म्हणायचेच, "मशीन तक्रार सांगतं, चोर सांगत नाही."

मी बॉनेटवर हात ठेवला.

"पोरी... बंद कर."

"काय झालं आता? चाललीये की छान!"

"बंद कर. मला टायमिंगचा पट्टा बघायचाय, त्या दांड्याला फिरवतो तो."

"काका, ती बाई तिकडे कळा देतेय! उघडून परत लावायला किती वेळ?"

"पट्टा खराब निघाला तर... दीड तास."

"आणि चांगला निघाला तर?"

"तर मला काय वाटेल ते बोल."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मी पाहत होतो तिकडे, बाकाकडे पाहिलं. दिवा पुन्हा तसाच लागला. तिने चावी फिरवून गाडी बंद केली.

कव्हर काढलं. पट्ट्याचे चार दात सपाट झाले होते. कडेने तो उसवला होता, जुन्या नाडीसारखा. पट्टा एक दात सरकला होता. म्हणून दांड्याचा दात अवेळी यायचा आणि मशीन बिचाऱ्या सेन्सरवर आळ घ्यायचं. तक्रार पुसली म्हणून गाडी तेवढ्यापुरती सुरू झाली होती. घाटात गाडीत ती पहिलटकरीण असती, आणि हा तुटला असता...

मी वळून पाहिलं. दिवा विझलेला होता.

"नवा पट्टा आता कुठून आणायचा?" ती पुटपुटली.

बाकामागच्या खिळ्यावर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. चार वर्षांची धूळ होती त्यावर. याच गाडीचा पट्टा. कधीतरी बदलायचा म्हणून उस्तादांनी आणून ठेवलेला.

फोनवर तिकडची खबर घेत ती बसून राहिली. मी खुणेला खूण जुळवली, हाताने इंजिन दोन फेरे फिरवून पाहिलं. दीड तास म्हटलं होतं, सव्वा तास लागला. ती गाडी घेऊन गेली. संध्याकाळी बाईला खाली घेऊन यावंच लागलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पण ते मला नंतर कळलं. ती गेल्यावर मी एकटाच आवराआवर करत होतो. सेन्सर उचलला, तार ओढली, तर ती अडकली.

बॅटरीचा लाल चिमटा बॅटरीला लावलेलाच नव्हता. माझ्या घाईत तो बाकाच्या लाकडी कडेला चावून बसला होता. म्हणूनच माझ्या स्क्रूड्रायव्हरला दिवा लागला नव्हता.

बॅटरीपासून हातभर लांब होता तो चिमटा. सगळा वेळ.