गाठोड्यांची खोली

गीताबाईंनी नारायणगडाकडे तोंड करून नवस बोलला होता. शेजारच्या ऋतुजाला नर्सिंगला प्रवेश मिळू दे, वर्षभर दर गुरुवारी एका बंद घराच्या उंबऱ्यावर दिवा लावीन. पोरीचे आईबाप, छबुबाई आणि नाथा, सहा वर्षांखाली ऊसतोडीला गेले आणि ट्रॉली उलटून तिकडंच संपले. पोर आजीपाशी वाढली. यादीत नाव लागलं, पण बापाच्या शाळेच्या दाखल्यावाचून अडलं.

गोष्ट गेल्या श्रावणातली, दुसऱ्या बुधवारची. संध्याकाळी आजीला एकदम आठवलं.

"छबूनं तो कागुद बँकेत ठिवलाय. गाठुड्यात."

गुरुवारी अकराच्या आत अंबाजोगाईला कागद द्यायचा होता. आणि गुरुवारी पहाटेच बँकेची इमारत रिकामी होणार होती. गीताबाईंचे यजमान बिभीषण त्याच बँकेत तीस वर्षं कारकून. जुना माणूस म्हणून शेवटची किल्ली त्यांच्यापाशीच ठेवलेली.

"पहाटं जावा की. आत्ताच काहून?" गीताबाई म्हणाल्या.

"पहाटं भंगारवाल्याचा टेंपो येतोय. तो काय दाखले वाचत बसतो का?"

"मग बॅटरी न्या. आन् देवाचं नाव घ्या."

"तीस वर्षं तिथं साहेबांनी खाल्लं न्हाई मला, आता कोण खातंय?"

ही बँक सुरू झाली ती एका आडत दुकानाच्या मागच्या खोलीत. दसरा झाला की माणसं घरांना कुलपं लावून तोडीला जायची. कागदपत्रं, फोटो, एखादी नथ कुठं ठेवायची? पहिल्या चेअरमननी सांगितलं, आमच्याकडं ठेवा. पुढं काळ्या दगडाची मोठी इमारत झाली, तरी तळाची एक खोली गाठोड्यांचीच राहिली. रीत एकच होती. माणसं परतली की बाहेर भिंतीला टेकून बसायची. कारकुनानं दारात उभं राहून गाठोड्याच्या चिठ्ठीवरचं नाव पुकारायचं. त्या माणसानं "आलो" म्हणायचं, तेव्हाच गाठोडं हलवायचं. मग घरोघरी पत्र्याची कपाटं आली, बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, कचेरी जिल्ह्याला गेली. इमारत तेवढी राहिली.

सव्वानऊला बिभीषणरावांनी शटर वर केलं. लाईट तोडलेली होती. भिंतीवर चेअरमन लोकांच्या तसबिरींचे पांढरे चौकोन राहिले होते. इथं चाळीस माणसं काम करायची. दुपारी डबे उघडले की लोणच्याचा वास पार जिन्यापर्यंत जायचा. आता त्यांच्याच चपलांचा आवाज त्यांच्या मागून येत होता. नोकरी सुटल्यावर पहिल्यांदाच त्यांना लई एकटं वाटलं.

तळाच्या खोलीत फळ्या रिकाम्या होत्या. एकीवर एकच गाठोडं, जुन्या लुगड्याचं.

त्यांनी चिठ्ठी वाचली. हात पुढं केला... आणि थांबले. तीस वर्षांची सवय. ते दारात आले आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं,

"छबुबाई नाथा, माळावरची वस्ती..."

आवाज जिन्यावर गेला, परत आला. स्वतःशीच हसले ते.

मग भिंतीच्या कडेनं, माणसं बसायची तिथून...

"आले."

दमलेलं माणूस डोक्यावरचं ओझं उतरवून बोलतं, तसं.

बॅटरी मंद झाली. विझली.

बिभीषणराव हलले नाहीत. जिनं ओ दिली, गाठोडं तिचं. रीत त्यांनीच पाळली होती. पण सकाळी पोरगी मोकळ्या हातानं अंबाजोगाईच्या बसमध्ये बसली असती.

त्यांनी चाचपडत गाठोडं घेतलं. उंबऱ्यावर ठेवलं. भिंतीकडं तोंड केलं.

"छबुबाई... नाथाचा दाखला तेवढा पायजे. ऋतुजा नर्सिंगला लागलीय."

त्यांनी हात जोडले.

"बाकी समदं तुमचं. दाखला तेवढा ठिवा."

...

कापड सरकलं. गाठ सुटली. कुणीतरी बराच वेळ काहीतरी हाताळत होतं. अगदी हळू. घाई नव्हती.

मग तेही थांबलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बॅटरी आपोआप लागली. बिभीषणराव वळले. उंबऱ्यावर गाठोडं नव्हतं. एक कागद होता, गुंडाळी केलेला.

घरी आल्यावर त्यांनी तो गीताबाईंच्या हातात दिला. दिव्याजवळ नेऊन त्यांनी पाहिलं. दाखला नाथाचाच. त्याला उसाच्या हिरव्या वाढ्याची, शेंड्याच्या पाल्याची, बांधणी होती, तोडकरी मोळीला घालतात तसाच पीळ देऊन. श्रावणात उसाच्या कुठल्याच फडावर कोयता चालत नाही. तरी वाढं ताजं होतं. गीताबाईंची बोटं रसानं चिकट झाली.

ऋतुजाचा प्रवेश झाला. गीताबाईंनी त्याच गुरुवारी पहिला दिवा लावला, माळावर, छबुबाईच्या बंद दाराच्या कुलपाखाली. गल्लीतली पोरं विचारतात तेव्हा त्या ही गोष्ट पुरी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "लेकरांनो, दसऱ्यानंतर तुमच्या शेजारचं एखादं घर बंद दिसंल. तुमीबी एक दिवा ठिवा तिथं. नवस नसला तरी ठिवा."