दाईचा चहा

पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज. आमच्या ओळखीतल्या एका साउंडवाल्याने तो ऐकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. अजूनही कुणी चहा ढवळला की तो बोलता बोलता थांबतो. ऐका, पोरांनो. दिवा राहू दे तसाच.

एका दिग्दर्शकाने जुनी, जाडजूड रशियन कादंबरी रंगभूमीवर आणली होती. नायिका त्याची बायको आणि नायिकेला लहानपणापासून सांभाळणारी म्हातारी दाई म्हणजे त्याची सासू. नाटकात ती लेकीच्या डोक्याला रुमाल बांधायची, काचेच्या पेल्यात चहा ढवळून पुढे धरायची, म्हणायची, "पी गं, निवतोय." नाटक तुफान चाललं. मग सासूबाई वारल्या. पुढे त्याच नाटकाचा सिनेमा करायला घेतला, तेव्हा जावईबुवांनी दाईच कापून टाकली.

"दुसरी कुणी घ्या, पण आईची जागा ठेवा," बायको म्हणाली होती.

"सिनेमात तेवढा वेळ नसतो."

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेदहा. भाड्याच्या बंगल्यातली वरची खोली, बायको भिंतीला टेकून बाकावर बसलेली. शॉट सुरू झाला आणि ती मध्येच थांबली. दाई बोलायची, नेमकं तिथेच. पुन्हा घेतला. पुन्हा तिथेच.

दिग्दर्शक साउंडवाल्यापाशी आला. "मुद्दाम करतेय. तूही सामील दिसतोस."

"मी कशाला, साहेब? मी आपला कान लावून बसलोय."

"मग लाव नीट." आणि तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता थांबलीस तर उद्या तुझ्या जागी दुसरी. बायको असलीस तरी."

तिसरा शॉट. ती थांबली.

साउंडवाल्याच्या हेडफोनमध्ये... चमचा. काचेवर. सावकाश. खोलीत पेला नव्हता. मग एक श्वास. अगदी माइकपाशी.

"पी गं..."

त्याने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि हेडफोन दिग्दर्शकाच्या कानांना लावला. सगळे दिग्दर्शकाच्या तोंडाकडे बघत राहिले. ते पांढरं पडलं. संशय मात्र जाईना. तो बायकोवर खेकसला,

"आईचा जुना आवाज लावलास ना कुठूनतरी? बोल! या साउंडवाल्याला फितवलंस?"

ती उठली.

शॉटभर तिचा डोक्याला बांधायचा रुमाल खांद्यावर मोकळा होता. कॅमेऱ्यातही तसाच आहे. हात मांडीवर, पाठ भिंतीला. मागे कुणाला उभं राहायला बोटभर जागा नव्हती. ती दाराकडे वळली, आणि...

रुमाल डोक्यावर होता. मानेमागे घट्ट दुहेरी गाठ. लहान मुलीला बांधावी तशी.

"अगं... हे कुणी बांधलं?" दिग्दर्शकाने विचारलं.

ती जिना उतरून निघून गेली.