गाळलेला तास

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघण्याआधी घड्याळकाकूंचं एवढंच एक काम उरलं होतं, दाराजवळच्या फळ्यावर सूचना लिहायची. ‘रविवारपासून तिकडची घड्याळं एक तास पुढे. वेळा देताना चूक नको.’ दर वर्षी ही सूचना त्याच लिहीत. मागच्या वर्षीही त्यांनीच लिहिली होती, अशाच गोल ठसठशीत अक्षरात. ‘चूक’ या शब्दापाशी आल्यावर त्यांचं पेन जरा अडलं.

काकूंचं ऑफिस फोनवरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारं. डॉक्टर एका देशात, पेशंट दुसऱ्या देशात, आणि दोघांना जमेल अशी वेळ शोधणाऱ्या काकू मधे. एकाची सकाळ आणि दुसऱ्याची संध्याकाळ यांची पत्रिका जुळवायची, असं त्या गमतीनं म्हणत, आणि वीस वर्षांत त्यांनी जुळवलेलं एकही स्थळ मोडलं नव्हतं. त्यांचे नियम दोनच. दोन्हीकडच्या वेळांचा तक्ता बघितल्याशिवाय वेळ सांगायची नाही. आणि मोकळी झालेली वेळ वाया घालवायची नाही. एकानं नाही म्हटलं की यादीतल्या पुढच्या माणसाला ती देऊन टाकायची. नवीन माणूस कामाला लागला की त्या हे दोन नियम त्याच्याकडून घोकून घेत.

आता दिव्याखाली अंधार कसा असतो बघा. जगाला तक्ता दाखवणाऱ्या या बाई स्वतःच्या धाकट्या बहिणीला फोन करायच्या, ते मनगटावरचं घड्याळ उलटं धरून!

ही युक्ती धाकटीचीच. ती कायमची तिकडे, डॉक्टरांच्याच त्या देशात राहायला निघाली, तेव्हा बॅगा भरून झाल्यावर तिनं ताईचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळ उलटं फिरवलं. “साडेपाच तासांचा फरक आहे ना? मग हे बघ. सरळ धरलंस की तू, उलटं धरलंस की मी.” खरंच तसं होतं. इथे सकाळचे सहा पन्नास असले, तर उलट्या घड्याळात रात्रीचे एक वीस दिसायचे, आणि तिकडे तेवढेच वाजलेले असायचे. काकूंनी ते घड्याळ नंतर कधी बदललं नाही.

पण तिकडच्या लोकांची एक तऱ्हा आहे. उन्हाळा जवळ आला की एका रविवारी रात्री एक वाजता काटा उचलून थेट दोनवर ठेवतात. मधला तास येतच नाही. हिवाळ्याआधी ते उलट करतात, दोन वाजले की पुन्हा एक. मग तो तास दोनदा येतो. उन्हाळ्याचे ते सहा-सात महिने उलटं घड्याळ तासभर मागे राहायचं, पण त्याची काळजी काकूंना नसे. धाकटी स्वतःच फोन करून सांगायची, “ताई, सरकला गं तास!”

मागच्या वर्षी तास सरकला, त्या रविवारी धाकटी हॉस्पिटलात होती, तिचा तो फोन आला नाही. सोमवारी तिचं ऑपरेशन. आदल्या आठवड्यात ती म्हणाली होती, “साडेनऊला मला आत नेणार आहेत. तू नऊला फोन कर. नक्की कर हं, मला काहीतरी सांगायचंय.” सोमवारी दुपारी काकूंनी डबा बाजूला सारला, घड्याळ उलटं धरलं, काटे नऊवर येईपर्यंत वाट बघितली आणि फोन लावला. समोर, फळ्यावर, त्यांच्याच अक्षरातली सूचना होती. फोन नर्सनं घेतला. दहा वाजून गेले आहेत, म्हणाली. पेशंटला आत नेलंय, शेवटपर्यंत ती नऊ वाजले का, नऊ वाजले का, असं विचारत होती.

धाकटी ऑपरेशन टेबलावरून परत आली नाही. ती काय सांगणार होती, ते तिच्याबरोबरच गेलं. काकूंनी ही चूक कोणालाही सांगितली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. वर्षभर त्यांनी ती एकटीनंच उराशी धरली.

“काकू, जरा इकडे या. गंमत बघा.”

कॉम्प्युटर सांभाळणारा गणित्या बोलावत होता. पाचात तीन मिळवायलाही तो कॅल्क्युलेटर काढायचा, म्हणून सगळे त्याला गणित्या म्हणत. पडद्यावर एक नवी नोंद होती.

“पेशंटचं नावच नाही. आणि डॉक्टरच्या रकान्यात काय लिहिलंय, तर ‘ताई’! वेळ बघा, येत्या रविवारी रात्री एक वीस. तिकडचे.”

“ही वेळच नाहीये,” काकू हळूच म्हणाल्या.

“तेच सांगतोय मी! एकनंतर सरळ दोन. सिस्टिम असली वेळ घेतच नाही. मी तीनदा घालून बघितली, तीनदा मला हाकलून दिलं. चावटपणा आहे कोणाचा तरी. पुसू?”

“पूस.”

गणित्यानं नोंद पुसली. काकूंनी पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या, तेवढ्यात तो मागून म्हणाला, “परत आली की हो!”

काकू वळल्या नाहीत. सरळ जिना उतरल्या.

रविवारी त्यांना फार लवकर जाग आली. उजाडत होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिकट, विरजण न लागलेल्या दुधासारखा उजेड आत येत होता, आणि सगळी भांडी जागच्या जागी असूनही ओट्यावर काहीतरी हलवून ठेवलंय असं वाटत होतं. नवरा फिरायला निघाला होता. “दार लोटून घे गं,” म्हणाला, आणि त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

काकूंनी चहा कपात ओतला. वाफ सरळ वर जात होती. भिंतीवर सहा पन्नास. नको नको म्हणत त्यांनी मनगट वळवलं आणि घड्याळ उलटं धरलं. एक वीस.

फोन वाजला.

वाजला म्हणजे जवळ वाजला असंही नाही. ओट्यावर समोर पडलेला तो फोन कुठल्यातरी लांबच्या खोलीत वाजत असल्यासारखा ऐकू येत होता. काकूंनी तो कानाला लावला. आधी नुसती चाकं ऐकू आली, लांबलचक बोळातून कोणीतरी खाट ढकलत नेतंय तशी. मग फिनेलचा वास आला. चहाच्या वासावर तो हळूहळू चढत गेला, आणि स्वयंपाकघर थंड पडलं.

“ताई… नऊ वाजले का गं?”

काकू तिथेच खाली फरशीवर बसल्या.

“कुठे आहेस तू?” त्यांनी विचारलं.

“असं काय विचारतेस? वॉर्डात. समोर घड्याळ आहे, पण माझा चष्मा काढून ठेवलाय ना यांनी. नर्स म्हणते, ताईचा फोन आला की निघू. तुझाच येईना, म्हणून शेवटी मीच लावला. वाजले का नऊ?”

काकूंच्या तोंडात ‘हो’ आलं होतं. हो, वाजले, वाजून वर्ष झालं, माझी चूक झाली, मला क्षमा कर. पण हो म्हटलं की ती चाकं पुन्हा फिरणार होती. ती खाट बोळाच्या टोकाला जाणार होती. त्यांनी डोळे मिटले.

“नाही गं. अजून… पुष्कळ वेळ आहे.”

“बरं झालं,” धाकटी म्हणाली, आणि तिचा सुस्कारा काकूंच्या कानाला लागला. चांगला ऊन लागला.

“तुला काय सांगायचं होतं?”

“काही नाही गं. भीती वाटत होती, असं कसं सांगायचं? म्हटलं, तू काहीतरी बोलत राहशील. बोल ना.”

मग काकू बोलत राहिल्या. एका पांघरुणात दोघी झोपायच्या आणि धाकटी सगळं पांघरूण ओढून घ्यायची, ते बोलल्या. शाळेतून येताना हरवलेल्या एका बुटाची गोष्ट सांगितली. तो बूट त्यांनीच दडवला होता, हे पहिल्यांदाच कबूल केलं. “मला माहीत होतं!” धाकटी खिदळली. काकू हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलत होतं. खिडकीतला उजेड वाढत नव्हता की कमी होत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे; तासभर तरी गेलाच असेल.

“चहा केलास वाटतं,” धाकटी मधेच म्हणाली. “वास येतोय. पहिला घोट माझा हं.”

लहानपणापासूनची तिची ही खोड होती. ताईच्या कपातला पहिला घोट पळवायचा आणि मग स्वतःचा कप घ्यायचा.

“ये की घ्यायला,” काकू बोलून गेल्या.

तिकडे चाकं थांबली. दुसरा एक आवाज काहीतरी विचारत होता, शांत, कामाचा आवाज. धाकटी फोन बाजूला धरून त्याच्याशी बोलली आणि परत आली.

“ताई, नर्स विचारतेय. आतली खोली तयार आहे. मी सांगितलं, अजून नऊ नाही वाजले, मी येत नाही. तर म्हणते, मग ही वेळ कोणाला द्यायची?”

वीस वर्षांची जिभेची सवय. विचार करायलाही अवधी मिळाला नाही.

“द्यायची यादीतल्या पुढच्या माणसाला.”

“थांब हं… सांगते.” कागद उलटल्याचा आवाज आला. आणि मग धाकटीचा स्वर, अगदी खूश झालेला, सणाला माहेरी कोण येणार हे कळलेल्या मुलीसारखा. “अगं ताई… पुढचं नाव तुझंच आहे!”

फोन बंद झाला नाही. नुसता गप्प झाला.

दार ढकललं गेलं. “टोपी राहिली,” नवरा म्हणाला. “जिन्याखालूनच परत आलो. आणि तू खाली काय बसलीस अशी?”

काकूंनी भिंतीकडे बघितलं. सहा पन्नास. नवऱ्यानं ओट्यावरचा कप उचलला, आणि लगेच खाली ठेवला. “हे काय, आत्ता तर उकळत होता. बर्फ झालाय नुसता. सायसुद्धा धरलीय.”

सोमवारी गणित्या दारातच उभा होता.

“काकू, तुमच्या पासवर्डनं कोणीतरी नोंद केलीय. शुक्रवारचीच ती, पण वेळ बदललीय. आता हिवाळ्याआधीचा तो रविवार आहे ना, काटे मागे घेतात तो, त्या दिवशीचे एक वीस. पेशंटचं नावही आलंय, पण आपल्या यादीत या नावाचं कोणी नाही.”

काकूंनी वाचलं. त्यांचं लग्नाआधीचं नाव होतं. ऑफिसात ते कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरच्या रकान्यात ‘धाकटी’. त्या रात्री एक वीस दोनदा वाजतात, म्हणून फॉर्म विचारतो, पहिला की दुसरा? तिथे ‘दुसरा’ निवडलेलं होतं. म्हणजे इथले सकाळचे सहा पन्नास. हे सांगायला काकूंना तक्ता लागला नाही.

“आणि खाली बघा,” गणित्याचा आवाज उतरला होता. “नोंद केल्याची वेळ. काल, रविवारी, तिकडचे रात्रीचे एक वीस. सिस्टिम ही वेळ घेतच नाही हो, काकू… काढून टाकू ना?”

काढून टाकली असती, तर ती वेळ पुन्हा मोकळी झाली असती. आणि धाकटीनं सोडलेली ती वेळ मोकळी झाली की परत कोणाच्या वाट्याला जाते, हे काकूंइतकं कोणाला ठाऊक होतं?

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून काकू नवऱ्याला घरातल्या वस्तू दाखवून ठेवताहेत. औषधांचा डबा कुठे, विजेच्या बिलांची फाईल कुठे, कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या खुंटीला. तो वैतागतो. “मी काय पाहुणा आहे का या घरात?” म्हणतो. काकू हसून पुढचा खण उघडतात. त्यांना भीती वाटते, रात्री अंथरुणावर फार वाटते. पण बुटाची ती गोष्ट आठवली की जरा कमी वाटते.

दर रविवारी तो फिरायला गेला की त्या चहा ओतून कप ओट्यावर ठेवतात आणि सहा पन्नास व्हायची वाट बघतात. फोन वाजत नाही. वाफ मात्र एकदम थांबते. मग त्या कपात वाकून बघतात. चहा थंडगार असतो, वर साय धरलेली असते, आणि एका बाजूनं ती साय ओठाएवढी फाटलेली असते.