आतल्या बाजूचं हँडल

दार धाडकन लागलं, आणि मगच नव्या अधीक्षिकेच्या लक्षात आलं की या दाराला आतून हँडलच नाही.

नोकरीचा पहिला दिवस होता तिचा. मुलींचं सुधारगृह हाती घ्यायचं तर प्रत्येक खोली डोळ्यांखालून घालायला हवी, असं तिने ठरवलेलं. चौकीदारकाका म्हणालेही, जरा थांबा, किल्ल्या घेऊन येतो. पण थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तरातरा चालत मागच्या कोठीत शिरली, वाऱ्याने दार ढकललं, खटका बसला. आता ओरडायचं तरी कसं? अधीक्षिकाच कोंडली गेली ही बातमी जेवणाआधी सगळ्या मुलींच्या तोंडी झाली असती, आणि मग तिचं ऐकलं असतं कोणी? तिने आपली हळूच, अगदी सभ्यपणे टकटक केली.

"कोण आहे?" बाहेरून पुरुषी आवाज आला.

"मी... अधीक्षिका."

"अस्सं. मी कुलूपवाला. फाटकाचं कुलूप बघायला आलोय. पण अधीक्षिका कोठीत काय करतात?"

"पाहणी," ती शक्य तितक्या करारी आवाजात म्हणाली.

"चालू द्या मग पाहणी. खटका गंजलाय, वेळ लागेल." मग जरा थांबून, वेगळ्याच स्वरात— "घाबरलात का? डाव्या हाताला वर झरोका आहे बघा. त्याच्याखाली उभ्या राहा. तिथे हवा येते."

खरंच गार झुळूक येत होती तिथे, आणि पुस्तकाएवढं आभाळ दिसत होतं. बाहेर खरवडणं, ठोकणं चाललं होतं. शेवटी दार उघडलं तेव्हा समोर एक उंच माणूस उभा होता. कानामागे पेन्सिल, गालावर तेलाचा काळा पट्टा, आणि हसू दाबायचा प्रयत्न. तो काही जमत नव्हता.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली.

"कुलूपवालाच गुपितं फोडायला लागला तर धंदा बसेल," तो म्हणाला, आणि तिच्या डोळ्यांत जरा जास्तच वेळ बघत राहिला.

झालं! सुरुवात व्हायला आणखी काय लागतं?

पण कोठीतला तो वेळ काही तिच्या मनातून जाईना. ती एकदाच कोंडली गेली तर एवढी घाबरली, आणि या मुली रोज अशाच दारांमागे राहत होत्या. कोणी चोरी केलेली, कोणी मारामारी, कोणी भलत्याच्या नादी लागलेली. सगळ्या वाट बघत होत्या, सुधारगृहाचं मंडळ आपलं काय ठरवतंय याची. तिने मंडळापुढे धरणंच धरलं म्हणा ना. बाहेरचं फाटक बंद राहू दे, पण आतल्या प्रत्येक दाराला आतून हँडल हवं. मंडळाने कुरकुर केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि वार्षिक तपासणीपर्यंत प्रयोग करायला परवानगी दिली. अट एकच. एक जरी मुलगी पळाली तरी ताबडतोब फोन करायचा आणि जुनी कुलपं पुन्हा लावायची.

काम अर्थातच त्यालाच मिळालं. गावात दुसरे कुलूपवाले नव्हते का? होते की, चिकार! पण त्यांच्याकडे चौकशी करायचं तिला सुचलं नाही, एवढंच.

तो रोज यायचा. काम करताना खोलीचं दार कधी लागू द्यायचा नाही, हत्यारांची पिशवी अडसर म्हणून मध्ये ठेवायचा. आणि तिच्या ऑफिसपाशी आला की दारातच थबकायचा. ती "या" म्हणेपर्यंत पाऊल आत नाही. तिला वाटायचं, काय रीतीचा माणूस आहे!

"आमंत्रणपत्रिका छापून देऊ का?" तिने एकदा विचारलं.

"द्या. जपून ठेवीन," तो म्हणाला, आणि तिला उगाचच टेबलावरचे कागद सारखे करावेसे वाटले.

हे सगळं कोणाच्या नजरेतून सुटत नव्हतं. मुलींमध्ये एक होती, सोळा-सतरा वर्षांची, शब्दाला शब्द भिडवणारी, म्हणून सगळ्या तिला वकीलबाई म्हणत. तिची सुनावणी जवळ आली होती. सगळं सुरळीत झालं तर मावशीच्या घरी जायचं होतं तिला, आणि ती दिवसरात्र त्या घराच्या गोष्टी करायची. एक दिवस तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की ताई, कुलूपवाले दादा तुमच्याच दाराला तिसऱ्यांदा तेल का घालतायत? अधीक्षिका राहायची तिच्या आत्याबरोबर, तिथेही तेच. आत्या म्हणाली, हल्ली तुझ्या बोलण्यात कुलपं फार यायला लागलीत गं.

आणि मग ती संध्याकाळ आली. अचानक सर कोसळली, मुली दोरीवरचे कपडे काढायला धावल्या, ओल्या बोचक्यांसकट चिवचिवत आत आल्या. जेवणाआधी मोजणी झाली. एक कमी भरली.

वकीलबाई नव्हती. खोल्यांमधून, व्हरांड्यातून हाका मारून झाल्या. फाटक क्षणभर उघडं राहिलं होतं म्हणे, दूधवाला आला तेव्हा. चौकीदारकाका छत्री घेऊन रस्त्यावर शोधायला गेले. अधीक्षिका ऑफिसात येऊन बसली. फोन करायलाच हवा होता. केला की जुनी कुलपं परत येणार, ते एक वेळ चाललं असतं. पण त्या पोरीच्या नावापुढे 'पळाली' असा शिक्का बसला की मावशीचं घर कायमचं गेलं. आणि नाही केला तर? पोर एवढ्या पावसात कुठे असेल?

तिने फोनकडे हात नेला, आणि दाराच्या धुरकट काचेमागे तिला एक सावली दिसली. तिने उठून दार उघडलं. कुलूपवाला उभा होता, पिशवी हातात, आणि पायाशी पाण्याचं हे एवढं थारोळं.

"केव्हापासून उभे आहात?"

"बराच वेळ झाला. काकांकडून कळलं मला, म्हणून आलो मदतीला."

"अहो, मग आत यायचं ना! दार नुसतं लोटलेलं होतं. हँडल तर तुम्हीच बसवलंय."

"हो..." तो कसंनुसं हसला. "हात जात नाही. दार बंद दिसलं की मी थांबतो. कोणीतरी उघडेल म्हणून."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. उंबऱ्यावरचं ते थबकणं. दारात ठेवलेली पिशवी. आणि आत गेल्याशिवाय दिसत नाही असा तो कोठीतला झरोका.

"तुम्ही... इथे होतात?"

"पूर्वी इथे मुलगे असायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "ती कोठी शिक्षेची होती."

 आणि त्याच क्षणी, त्याच्या त्या ओल्या, अवघडलेल्या हातांकडे बघताना, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"ती पळालेलीच नाही," ती म्हणाली. "ती आतच आहे. कुठल्यातरी दारामागे थांबली आहे."

दोघं धावत सुटली. मागच्या अंगणात कपडे वाळवायची पत्र्याची खोली होती, आणि पावसाचा तिथे असा ताशा चालला होता की हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. दार लागलेलं होतं. तिने ते उघडलं. वकीलबाई ओल्या चादरींच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"वाऱ्याने लागलं दार, ताई."

"अगं, आतून हँडल आहे ना!"

पोरीने हँडलकडे असं बघितलं जसं काही ते आत्ताच उगवलंय. "लक्षातच नाही आलं. बंद म्हणजे बंद, असं वाटलं."

"मग हाक तरी मारायचीस!"

"दार वाजवलं की शेरा लागतो, असं आधीच्या बाईंनी सांगितलेलं. माझी सुनावणी आहे ना..."

एवढी तोंडाळ मुलगी, पण वाक्य अर्धंच सोडून तिने चादरीत तोंड लपवलं. अधीक्षिकेने तिला ओल्या कपड्यांसकट पोटाशी धरलं. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. हँडलं तर सगळीकडे बसवून झाली होती. त्यांना हात लावायला कोणी शिकवलंच नव्हतं.

व्हरांड्यात तो म्हणाला, "आता तुम्हाला कळलंच. तुम्ही माझ्याकडे एक केस म्हणून बघायला लागाल, म्हणून बोललो नव्हतो." तिला खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात चौकीदारकाका निथळत परत आले, आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिने नवा नियम केला. कोणी कोणासाठी दार उघडायचं नाही, ज्याचं त्याने उघडायचं. आधी गोंधळच गोंधळ! दारापाशी मुलींच्या रांगा लागायच्या, हसून हसून पुरेवाट व्हायची. मग ती त्यांना एकेक करून बाहेर न्यायला लागली. दुकानात, वाचनालयात, दवाखान्यात. दार उघडायचं, आत जायचं, आपलं काम सांगायचं. तपासणीला मंडळाचे अध्यक्ष आले आणि जेवणघराच्या बंद दारापुढे सवयीने उभे राहिले. आतून कोणी उठेना. शेवटी वकीलबाईचा आवाज आला, "हँडल तुमच्याही बाजूला आहे, साहेब." अधीक्षिकेने डोळे मिटून घेतले. पण अध्यक्ष हसत हसत आत आले, आणि जाताना म्हणाले, हे दुसऱ्या सुधारगृहांनाही शिकवा.

वकीलबाईला मावशीचं घर मिळालं. निघताना ती अधीक्षिकेच्या कानाशी लागली. "आमचं झालं, ताई. आता दादांना कोण शिकवणार?"

कारण दादा त्या दिवसानंतर फिरकलेच नव्हते. काम संपलं होतं ना!

अधीक्षिका सरळ त्याच्या दुकानात गेली. दुकानाला दारच नव्हतं, नुसतं वर गुंडाळलेलं शटर. तो मान खाली घालून कुलूप घासत बसला होता.

"मी तुमच्याकडे केस म्हणून बघते का, ते बघा तरी," ती म्हणाली. "मान वर करा."

त्याने मान वर केली.

"फाईल वाचून कोणी कोणाला आवडत नाही," ती कोठीतल्यासारख्याच करारी आवाजात म्हणाली. "तुम्ही मला दार उघडायच्या आधीच आवडला होतात. नुसत्या आवाजावरून. रविवारी घरी चहाला या. आत्या आहे. आणि... मी दार उघडायला येणार नाही."

 हातातलं कुलूप तो उगाचच लावत आणि उघडत राहिला.

रविवारी चहा उकळला, गाळला, कपात ओतला. जिन्यावर पावलं वाजली. दारापाशी आली आणि थांबली.

मग काहीच नाही. चहावर साय धरायला लागली. आत्या उठायला लागली तर तिने आत्याचा हात घट्ट धरला. अहो, जन्मात कधी थांबली नव्हती ही मुलगी! चार ढांगांत जाऊन दार उघडता आलं असतं, पाय नुसते शिवशिवत होते. तिला कळत होतं, आत्ता उघडलं तर तो आयुष्यभर उंबऱ्यावरच राहील. आणि नाही उघडलं तर कदाचित जिना उतरून निघून जाईल. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. तरी ती बसून राहिली.

हँडल जरासं हललं. थांबलं. आणि मग पुरतं खाली गेलं.

तो दारात उभा होता. नवा शर्ट, कानामागे विसरलेली पेन्सिल, कपाळावर घाम.

"उघडंच होतं," तो म्हणाला.

"पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

तो हसला. कोणी "या" म्हणायची वाट न बघता आत आला, आणि स्वतःच्या हाताने मागचं दार लावून घेतलं.