एक टोक लांब

त्वचा

पहिला छेद कोपरापासून मनगटापर्यंत. सरळ, हलका. फक्त कातडी कापायची, खालचं काही नाही. मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दर वर्षी हेच सांगते आणि दर वर्षी कुणीतरी खोल घुसतंच.

एक्याण्णवचा ऑक्टोबर. धुळ्यात पाऊस संपून पुन्हा ऊन तापलं होतं. डिसेक्शन हॉलच्या खिडक्यांना हिरवे पडदे होते. त्या उजेडात आमचे चेहरेही टेबलावरच्यांसारखे दिसत. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत.

माझी एक पद्धत आहे. जे सापडेल त्यावर दोरा बांधायचा. धमनीला लाल, शिरेला निळा, नर्व्हला पिवळा. आणि जे पुस्तकात नाही, त्याला काळा. दोन वेढे, गाठ, एक टोक आखूड, एक लांब. लांब टोक चिमट्यात धरता येतं. मुलं दोन्ही टोकं सारखीच कापतात, कितीही सांगा.

काळा दोरा क्वचितच लागायचा. मला मात्र तोच हवा होता. हाताच्या रचनेतल्या वेगळेपणांवर माझा पेपर चालला होता आणि माझी रीडरपदाची बढती त्यावर अडली होती.

मला पाचवा महिना लागला होता. आधीची दोन मुलं पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेली होती. नवरा, अभिमन, दीपनगरला वीज केंद्रात. म्हणून सासूबाई, भिकुबाई, पारोळ्याकडच्या गावाहून देवपूरच्या माझ्या खोलीवर राहायला आल्या होत्या.

"मुडदा चिरस आनि त्याच हाते भाकर खास?"

"साबण लावते, आई."

"पोटमाना पोऱ्याले साबन कसा लावशी?"

मला हसू आलं. त्यांना नाही.

"पाचवीले मी सोता काळा दोरा बांधसू त्याले," त्या म्हणाल्या. "तवलोंग तू सांभाळ."

चरबी

मधल्या टेबलावर पन्नाशीचा माणूस. बेवारस. डावा हात मीच उघडला, वीस-पंचवीस मुलं भोवती. कातडी बाजूला, मग पिवळी चरबी, मग स्नायूंचा वरचा थर. तो उचलला तर मीडियन नर्व्हला लागून एक पांढुरका धागा निघाला. नर्व्ह नाही, रक्तवाहिनीही नाही. मनगटाकडून वर दंडात शिरलेला.

त्यावर काळा दोरा होता.

दोन वेढे, गाठ. एक टोक लांब.

"मॅडम, पेपर आधीच फुटला की!" मागून एक मुलगा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

मग कातडीचा तुकडा पडद्याबाहेरच्या उन्हात धरून पाहिला. माझ्या छेदाशिवाय दुसरा छेद नव्हता. शव टिकवणारा द्रव भरायला मांडीत एक चीर दिलेली असते, तेवढीच. ती आमचा अटेंडंट नूर महंमद पांढऱ्या दोऱ्याने शिवतो.

"नूरभाई, टाकीतल्या बॉडीला कुणी हात लावला होता?"

"कोण लावणार, मॅडम? मला पगार मिळतो तरी जिवावर येतं. फुकटात कोण लावेल?"

मी त्या धाग्याचा बोटभर तुकडा कापून स्लाइडसाठी घेतला.

पांझरेच्या पुलावरून रिक्षा जाताना लक्षात आलं. पोटात आठवडाभर चाललेली फडफड थांबली होती. रात्री नाही, सकाळी नाही. भिकुबाई माझ्या हाताकडे पाहत होत्या. तो पोटावरून हलत नव्हता.

दोन दिवसांनी फळ्यासमोर उभी असताना ते पुन्हा हललं. खडू हातातून पडला.

सूक्ष्मदर्शक

स्लाइड तयार झाली. फिकट निळसर जेलीसारखं ऊतक, त्यात चांदण्यांसारख्या विखुरलेल्या पेशी. ओळखायला क्षणही लागला नाही. ही स्लाइड मी दर वर्षी मुलांना दाखवते.

विभागप्रमुख तोताराम सरांना बोलावलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"नाळ. सुरेख आली आहे. प्रसूती विभागातून आणली?"

"हातातून, सर. मधल्या टेबलावरच्या."

ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले. हे ऊतक नाळेत असतं. पन्नाशीच्या माणसाच्या शरीरात ते कुठेच नसतं. शेवटी त्यांनी मान वर केली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"एक केस म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "दुसरी सापडली तर पेपर कुणी अडवू शकणार नाही." मग हळू आवाजात, "नाहीतर असं करा. रजा घ्या."

कवटी

उघडली नाही.

स्नायू

दुसरी एक म्हातारी होती. तिला आणलं तेव्हा मी हजर होते. द्रव भरताना हजर होते. टाकीला माझं कुलूप होतं. भर दुपारी, नूरभाई सोडून कुणी नसताना, मी तिला टेबलावर घेतलं. डावा हात. कातडीवर म्हातारपणाच्या सुरकुत्या, खरचटल्याची खूणसुद्धा नाही.

छेद. चरबी. स्नायू बाजूला.

पांढुरका धागा. काळा दोरा.

मी एप्रनचा खिसा चाचपला. काळं रीळ नवं होतं. त्यावरची कागदी पट्टी अजून फाडलेली नव्हती.

दुसरी केस. आता फक्त एक तुकडा कापायचा होता.

चिमट्याने मी लांब टोक धरलं. धागा ताणला जावा म्हणून हलकेच ओढलं.

पोटात, बेंबीच्या आतून, कुणीतरी ओढलं.

मी चिमटा सैल केला. ओढ थांबली.

पुन्हा ओढून पाहिलं नाही. मी शास्त्र शिकवते. पुन्हा करून पाहायला हवं होतं.

उजव्या हातात सुरी होती. ती मी ट्रेमध्ये ठेवली. ट्रे वाजला.

"नूरभाई, सुई द्या."

"शिवता? मॅडम, आताच तर उघडली."

"शिवते."

"पोरांना दाखवायची नाही?"

"कुणालाच नाही. हिला परत टेबलावर घ्यायचं नाही."

तो हसायला गेला, पण माझं तोंड पाहून सुई ओवायला लागला. मी दोऱ्याला हात लावला नाही. धागा होता तसा ठेवला आणि वरून कातडी शिवून टाकली.

संध्याकाळी रजेचा अर्ज दिला. भुसावळच्या एसटीत खिडकीशी बसले. पारोळ्याच्या पुढे ते हललं. जोरात.

पुन्हा त्वचा

फेब्रुवारीत मुलगी झाली. जिवंत, रडणारी. भुसावळच्या दवाखान्यातून दीपनगरच्या क्वार्टरवर आणली. गॅलरीत वाळत घातलेल्या तिच्या लंगोटांवर वीज केंद्राच्या चिमण्यांची बारीक राख बसायची. दोन धुण्यांनीही ती पूर्ण जायची नाही.

मी तिला सवयीने तपासलं होतं. बोटं, टाळू, पाठीचा कणा. सगळं पुस्तकात असतं तसं. जन्मल्या जन्मल्या ती लाल, सुजलेली होती. पाचव्या दिवशी सूज उतरली.

भिकुबाईंनी पाट्यावर हळदीकुंकू वाहिलं, दिवा लावला. मग पदराच्या गाठीतून काळा दोरा काढून ओला केला आणि मुलीचा डावा हात आपल्या तळव्यावर घेतला.

दोरा तसाच राहिला.

"वं माय," त्या म्हणाल्या. "मनी वाट बी नही दखी तू?"

"कशाची, आई?"

"हिले तर बांधेलच शे."

त्यांनी अंगठा थुंकीने ओला करून मनगटावर घासला. पुन्हा घासला. मुलगी झोपेत कुरकुरली.

"निंघत नही."

मी मुलीला उचलून खिडकीशी नेलं. हात उजेडात धरला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, अखंड. कुठेही छेद नाही.

त्या कातडीखाली काळं. दोन वेढे, गाठ. एक टोक आखूड.

दुसरं लांब. चिमट्यात धरता येईल इतकं.